हद्दपारीचा हुकूम

मंडळी, आगरदांड्याच्या धक्क्यावर तुम्ही कधी उभे राहिला आहात काय? समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. आज हा मुलूख रायगड जिल्ह्यात मोडतो. पण १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत दोन्ही तीरांवर जंजिऱ्याच्या नवाबाचा अंमल होता. नवाबाचे पूर्वज सिद्दी, म्हणजे मूळचे आफ्रिकेचे. बाहेरून आलेला माणूस इथे कसा रुजतो, हे या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको.

इथली माणसेही पोटासाठी दर्यावर जात. कोणी मुंबईच्या गोदीत, कोणी आगबोटीवर, तर कोणी थेट कराचीला. तेव्हा कराची म्हणजे काही परदेश नव्हता. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीतले नारायण जगन्नाथ हायस्कूल एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने उभे राहिले. मग १९४७ साली फाळणी झाली आणि जिथे जाणे-येणे घरच्यासारखे होते, तिथे देशाची हद्द आली. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परवाना लागू लागला. १९४९ साली त्यासाठी कायदाही झाला.

आता समजा, मुरूडकडचा एक खलाशी आहे. जन्म इथला, बायकामुले इथली, नारळीची चार झाडेही इथलीच. कराचीत भाऊ आजारी म्हणून गेला आणि येताना परवान्यात घोळ झाला. त्याबद्दल खटला भरून त्याला शिक्षा करता येई, ते एक वेळ समजण्यासारखे आहे. पण त्या कायद्याच्या ७ व्या कलमाने आणखी एक अधिकार दिला होता. या माणसाने परवान्याचा नियम मोडला, असा सरकारला नुसता वाजवी संशय आला, तरी त्याला देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघू शकत होता. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूदच नव्हती!

ही गोष्ट इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आली. १९५४ साली न्यायालयाने बहुमताने निकाल दिला, की भारताच्या नागरिकापुरते हे कलम रद्दबातल आहे. कारण काय? तर देशात कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकाला दिलेला आहे. परवाना चुकला म्हणून शिक्षा करणे वेगळे आणि स्वतःच्या देशातून घालवून देणे वेगळे. नागरिकाला असे घालवणे म्हणजे त्याचे नागरिकत्वच संपवणे. ते काही अधिकाऱ्याच्या संशयावर होऊ शकत नाही.

मग सरकारची बाजू अशी येई, की हा मुळात नागरिक राहिलाच नाही. घटनेच्या ७ व्या कलमाप्रमाणे १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतर करून गेला, तो सामान्यतः नागरिक धरला जात नाही. पण स्थलांतर कशाला म्हणायचे? १९६६ साली केरळच्या एका खटल्यात न्यायालयाने सांगितले, की विशिष्ट कामासाठी, थोड्या मुदतीपुरते जाणे म्हणजे स्थलांतर नव्हे. भावाच्या आजारपणासाठी गेलेल्या आपल्या खलाशाला हे केवढे मोठे बळ!

दुसरा प्रश्न पाकिस्तानी पासपोर्टाचा. पासपोर्ट सापडला की माणूस परका, असे म्हणून राज्य सरकारला परस्पर हद्दपारी करता येत नाही. नागरिकत्व गेले की नाही, हे आधी केंद्र सरकारने ठरवायला हवे, असे १९६२ चा निकाल सांगतो. आणि तो पासपोर्ट धाकदपटशाने गळ्यात पडला असेल, तर ते दाखवण्याची संधी माणसाला मिळालीच पाहिजे, असे १९६५ साली ठरले.

आता कोणी विचारील, जो खरोखरच परदेशी आहे, त्याचे काय? त्याला देशात राहण्याचा हक्क नाही. परक्याला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार फार मोठा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्यूलर या जर्मन गृहस्थाच्या खटल्यात मान्य केले. पण घटनेचे २१ वे कलम नीट वाचा. तिथे ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. जीव आणि स्वातंत्र्य कायद्याने घालून दिलेल्या रीतीवाचून हिरावता येत नाही. हे संरक्षण परक्यालाही आहे. बेकायदा अटक झाली तर तोही हेबिअस कॉर्पसचा अर्ज घेऊन न्यायालयाचे दार ठोठावू शकतो.

मात्र एक मेख आहे बरे का. फौजदारी खटल्यात गुन्हा सरकारने शाबीत करायचा असतो. इथे उलटे. ‘मी परदेशी नाही’ हे त्या माणसानेच शाबीत करायचे, असे १९४६ च्या परकीय व्यक्तींच्या कायद्यात होते. २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला, तरी हा भार माणसाच्याच डोक्यावर राहिला. गरीब खलाशी कुठला पुरावा आणणार? जन्माची नोंद, शाळेचा दाखला, सातबारा, मतदारयादीतले नाव. नावात एक अक्षर चुकले किंवा जन्मगाव लिहायचे राहिले, तर तेवढ्यावरून वकील अडतो.

म्हणून गुरुजनांना एक विनंती. शाळेत नवे मूल आले, की जनरल रजिस्टरात त्याचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव आईबापांना विचारून, पुन्हा वाचून दाखवून लिहा. आणि गावकरी मंडळी, तुम्हीही दाखल्यावरची नावे एकदा ताडून पाहा. चूक असेल तर आजच दुरुस्त करून घ्या. वीस वर्षांनी ते मूल कुठल्या बंदरात, कोणापुढे उभे असेल, ते आज कोणाला ठाऊक आहे?