सातपाटीची शाळा, दुधनीचे पाणी

मराठ्यांच्या आरमाराने १७७२ साली पोर्तुगीजांचे ‘सांताना’ हे जहाज पकडले. त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे कबूल केले. १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली आणि आमच्या सिल्वासाची वाट शेजारच्या मुलखापासून वेगळी झाली, ती २ ऑगस्ट १९५४ ला मुक्ती मिळेपर्यंत. एका जहाजापायी ज्या भूमीचे भवितव्य ठरले, तिला स्वतःचा किनारा नाही. दमणगंगा नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरात उगम पावते, आमच्या शेजारून वाहते आणि समुद्राला मिळते ती दमणला.

मी मात्र समुद्राकाठची. माहेर सातपाटीचे, मांगेला समाजातले. लग्नानंतर सिल्वासाला आले आणि मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवत निवृत्त झाले. मासेमारीचे शिक्षण सरकारने कोणाला दिले, कुठे दिले आणि कोणापर्यंत ते पोहोचले नाही, हा प्रश्न या दोन गावांमुळे माझ्या मनात रुजला.

मुंबई सरकारने समुद्राकडे लक्ष दिले ते आधी जहाजाच्या रूपाने. १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर आणून किनाऱ्यालगत मासेमारीचे प्रयोग झाले. खर्च निघेना, म्हणून ते थांबले. पुढे १९४६ मध्ये मुंबईला खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र सुरू झाले. त्याच्या उद्दिष्टांत माणसे तयार करणे हेही होते. जहाज आणले तरी ते चालवणारा, जाळे ओढणारा, इंजिनाचा आवाज ओळखणारा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न तोवर ध्यानात आला होता.

त्याचे खरे उत्तर गावात मिळाले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर सातपाटीला मच्छीमारांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्याआधीच आमच्या गावात मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने मूळ धरले होते. होड्यांना इंजिन बसवण्यासाठी कर्ज मिळू लागले होते, आणि शिडावर वाढलेल्या तांडेलांच्या हाती अचानक एक लोखंडी यंत्र आले होते. माझे बाबा त्या केंद्रात सहा महिने शिकले. घरातल्या म्हाताऱ्यांना ते मुळीच पटले नव्हते. दर्या कोणी वर्गात बसून शिकतो का, असे आजोबा विचारत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. भरती-ओहोटी, वारा, पाण्याचा रंग, सरंगा कोणत्या दिवसांत कुठे मिळतो, हे बाबांना वर्गात कोणी शिकवले नाही. ते त्यांना लहानपणापासून येत होते. पण डिझेलच्या नळीत हवा धरली तर ती कशी काढायची, नोजल कशी साफ करायची, होकायंत्र पाहून काळोखात बंदर कसे गाठायचे, हे आजोबांनाही ठाऊक नव्हते. इंजिन भर समुद्रात बंद पडले, तर शीड नसलेली बोट वाऱ्याच्या हवाली होते. त्यावेळी शिकलेला एक माणूस बोटीवर असला की सगळे खलाशी घरी येतात. बाबांनी एकदा मोहीम अर्ध्यावर न सोडता इंजिन सुरू केले, तेव्हापासून आजोबांनी तो प्रश्न विचारला नाही.

त्याच काळात जाळीही बदलत होती. सुती जाळे टिकावे म्हणून ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत, आणि ती साल डोंगरातल्या रानांतून येई. नायलॉन आले, तसे हे काम संपले. नव्या धाग्याची गाठ सरकते, म्हणून विणायची रीतही नव्याने शिकावी लागली. आमच्या अंगणात वलांडीवर बोंबील सुकत असत आणि तिच्या सावलीत बाबा शेजारच्या पोरांना ती गाठ दाखवत. सरकारी प्रशिक्षणाचा पसारा असा अंगणापर्यंत येत होता.

या प्रशिक्षणाच्या प्रवेशाच्या अटी मला फार शहाणपणाच्या वाटतात. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने पुढे वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी अशा बंदरांवर असेच सहा महिन्यांचे वर्ग चालवले. तिथे चौथी पास चालते, पण पोहता आले पाहिजे आणि प्रत्यक्ष मासेमारीचा अनुभव हवा. कागदापेक्षा हातातल्या कामाला अधिक मोल देणारी ही अट आहे. एक उणीव मात्र मला लहानपणीही खुपत असे. त्या वर्गात बायका नव्हत्या. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचे सगळे काम त्यांचे: निवडणे, मीठ लावणे, सुकवणे, टोपली घेऊन गाडीने बाजार गाठणे. आई हे सारे आयुष्यभर करत राहिली आणि तिला त्यासाठी कोणी एक दिवसही वर्गात बसवले नाही. व्यवसायाचा अर्धा भाग ज्यांच्या हातात, त्यांना अभ्यासक्रमातून वगळणे अन्यायाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावच्या वर्गांच्या वरची पायरी पुढे उभी राहिली. १९५९ मध्ये केंद्र सरकारच्या मत्स्यशिक्षण समितीने अधिकाऱ्यांसाठी आणि बोटींवरच्या कामगारांसाठी स्वतंत्र संस्था असाव्यात असे सुचवले. त्यातून ६ जून १९६१ ला मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली. वर्सोव्याच्या सात बंगल्याजवळ निरनिराळ्या राज्यांच्या मत्स्यखात्यांतले अधिकारी येऊन शिकू लागले. १९६३ मध्ये कोचीला जहाजांवरच्या कामगारांसाठी दुसरी संस्था झाली. केरळात नॉर्वेच्या मदतीने चाललेल्या प्रकल्पाने त्याआधीच नींदकराच्या मच्छीमारांना नव्या बोटी दाखवल्या होत्या. १९८१ मध्ये रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. १९८९ मध्ये वर्सोव्याच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

गोड्या पाण्याचे शिक्षण निराळ्या वाटेने आले. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून बंगालच्या नद्यांतून पावसाळ्यात मत्स्यबीज गोळा करीत आणि मातीच्या हंड्यांत भरून आगगाडीने मुंबई इलाख्यापर्यंत आणीत. वाटेत माणूस हंड्या हलवत बसे, म्हणजे पाण्यात हवा मिसळे. तरी पुष्कळ पिल्ले मरत. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांना तळ्यात अंडी घालायला लावले आणि हे परावलंबन संपण्याचा मार्ग खुला झाला. १९७३-७४ पासून जिल्ह्यांत मत्स्य संवर्धक विकास यंत्रणा आल्या. तळे घेणाऱ्याला अनुदान आणि थोड्या दिवसांचे प्रशिक्षण त्या देत. तळे ज्याच्या नावावर, त्याला शिक्षण, असा त्यांचा पाया होता.

आमच्या भागातल्या माणसांच्या नावावर तळे नव्हते. दमणगंगेवर मधुबन धरण झाले, पाणी चढले आणि वारली, कोकणा कुटुंबांच्या जमिनी त्याखाली गेल्या. धरणाचे पाणी शेतीला, वापीच्या कारखान्यांना आणि गावांच्या नळांना मिळते. दुधनी, कौंचा, मांदोनी या बाजूची मुले माझ्या वर्गात येत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यावर चढतात, तेव्हा वर्गात पटसंख्या निम्म्यावर येई आणि मी कधी रागावले नाही. कोणत्या दगडाआड मुठे सापडतात, बांबूच्या कामट्यांचा सापळा प्रवाहाच्या कोणत्या कडेला लावायचा, हे त्या मुलांना इतके नेमके येत असे की मी त्यांच्याकडून वर्गात चित्रे काढून घेत असे.

पण ओढ्याची विद्या धरणाला पुरत नाही, आणि इथेच शिक्षणाची गरज होती. खोल, स्थिर पाण्यात होडी लागते, गळफासाची लांब जाळी लागतात. दुधनीच्या एका विद्यार्थ्याने मला सांगितले होते, “बाई, आमचा आंबा खाली उभाच आहे, जाळे त्यातच फाटते.” त्याच्या वडिलांना एका योजनेतून जाळे मिळाले होते. ते किती खोल सोडायचे आणि त्या आसाचे, म्हणजे तेवढ्या छिद्रांचे, जाळे कोणत्या माशासाठी असते, हे कोणी दाखवले नाही. एका हंगामात ते चिंध्या झाले आणि उरलेला तुकडा कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला गेला. साहित्य दिले, विद्या दिली नाही, तर असेच होणार.

धरणातल्या मासेमारीत शिकण्यासारखे खूप आहे. सोडलेली पिल्ले फार लहान असली तर मरळ आणि शिवड्यासारखे शिकारी मासे ती खाऊन टाकतात. म्हणून १०० मिलिमीटरच्या आसपास वाढलेली बोटुकलीच सोडायची. जाळ्याचा आस बारीक असला तर वर्ष-दीड वर्ष वाढू शकणारा कटला पावशेराचा असतानाच निघतो आणि पुढचा पैसा बुडतो. पावसाळ्यात मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा जाळे का उचलून ठेवायचे, हे पटवून द्यावे लागते, कारण वलगण म्हणजे त्यांच्या घरी सणाचे दिवस. बर्फ नसेल तर दुधनीहून सिल्वासाच्या बाजारापर्यंत मासळीचा भाव उतरतो. हे सगळे अधिकाऱ्यांना वर्सोव्यात उत्तम शिकवले जाते. काठावरच्या माणसाला ते त्याच्या काठावर, त्याच्या बोलीत मिळायला हवे.

याचा आदर्श आमच्याच परिसरात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. सातपाटीचे केंद्र टिकले तेही याच कारणाने: ते बंदरावर होते, आणि शिकणारा माणूस संध्याकाळी आपल्या बोटीपाशी परत जात असे. कोसबाड सिल्वासापासून दूर नाही, सातपाटीही नाही. त्या दोन्ही ठिकाणचा अनुभव दुधनीपर्यंत आणणे कुणालाही अशक्य नव्हते.

२६ जानेवारी २०२० ला दादरा आणि नगर हवेली हा प्रदेश दमण व दीवला जोडला गेला. आता एकाच प्रशासनाकडे दीवच्या वणाकबाऱ्याच्या ट्रॉलर आहेत आणि दुधनीच्या लहान होड्याही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत प्रशिक्षणाची तरतूद आहे, आणि मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्डही मिळते. पिंजऱ्यात मासे वाढवण्याची पद्धतही धरणांमध्ये येत आहे. पिंजरा भांडवल मागतो आणि रोजची देखरेख मागतो. स्थानिक माणूस शिकलेला नसेल तर पिंजरे बाहेरचा कंत्राटदार चालवेल आणि ज्यांची शेते त्या पाण्याखाली आहेत ते तिथे मजूर होतील. मला ही भीती खरी वाटते.

म्हणून प्रशासनातल्या अधिकाऱ्यांना आणि पंचायतींच्या सदस्यांना माझे सांगणे एवढेच आहे. दुधनीच्या काठावर मासेमारीचा कायमचा वर्ग सुरू करा. चौथी पास आणि पोहता येणे, एवढ्याच अटी ठेवा. शिकवणारा वारली किंवा कोकणा बोलणारा असावा, आणि तसा माणूस तयार नसेल तर गावातला मुलगा आधी वर्सोव्याला किंवा नवसारीच्या मत्स्य महाविद्यालयात पाठवा. सुकवणे, साफ करणे, विकणे यासाठी बायकांच्या निम्म्या जागा राखा. मासेमारी बंद असते ते पावसाळ्याचे महिने यासाठी मोकळे आहेत. येत्या पावसाळ्यापासूनच हा वर्ग सुरू व्हावा.