एस्थर लेडरबर्ग आणि जीवाणू-आनुवंशिकी : श्रेयाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

विज्ञानाचा इतिहास पुष्कळदा पुरस्कारांच्या आधारे लिहिला जातो. परिणामी, विषयाचा पाया घालणाऱ्या अनेक स्त्री संशोधकांची नोंद दुय्यम राहते. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस्थर लेडरबर्ग (१९२२-२००६) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या एस्थर यांनी १९४६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली. त्याच वर्षी जोशुआ लेडरबर्ग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९५० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. प्रदान केली. याच सुमारास ई. कोलाय जीवाणूच्या 'के-१२' या वाणात सुप्तावस्थेत राहणारा 'लॅम्डा' विषाणू त्यांनी शोधून काढला. जनुकांचे नियंत्रण कसे चालते, याच्या पुढील अभ्यासाला या विषाणूने मोठा आधार दिला. १९५२ मध्ये जोशुआ आणि लुका कॅव्हाली-स्फोर्झा यांच्यासमवेत त्यांनी जीवाणूंच्या संयुग्मनास आवश्यक असलेल्या 'एफ' घटकाविषयी संशोधन प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी लेडरबर्ग दांपत्याने 'रेप्लिका प्लेटिंग' ही पद्धत मांडली. मूळ बशीतील वसाहतींचा ठसा निर्जंतुक मखमलीवर घेऊन तो इतर बशांवर त्याच मांडणीत उमटवला जाई. औषधयुक्त बशीवर ज्या ठिकाणी जीवाणू तगले, मूळ बशीतील त्याच ठिकाणी औषधाचा स्पर्शही न झालेले प्रतिरोधक जीवाणू आढळले. उत्परिवर्तन औषधामुळे घडत नसून ते आधीच अस्तित्वात असते व औषध केवळ निवड करते, हे यातून सिद्ध झाले. प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू समजून घेण्यासाठी हा निष्कर्ष आजही मूलभूत ठरतो.

१९५८ चे नोबेल पारितोषिक जोशुआ यांना जॉर्ज बीडल व एडवर्ड टेटम यांच्यासमवेत मिळाले. जीवाणूंतील जनुकीय पुनर्संयोगाचा जोशुआ व टेटम यांचा १९४६ चा शोध विवाहापूर्वीचा होता, हे मान्य करावे लागते. तथापि, त्यानंतरच्या दशकातील संयुक्त कार्याचे श्रेयही प्रामुख्याने पतीच्याच नावे जमा झाले. स्टॅनफर्डमध्ये एस्थर यांना कायमस्वरूपी प्राध्यापकपद लाभले नाही. १९७६ पासून १९८६ पर्यंत त्यांनी तेथील प्लाझ्मिड संदर्भ केंद्राची धुरा वाहिली. इतरांनी शोधलेल्या प्लाझ्मिडांना नावे व क्रमांक देऊन त्यांची नोंद राखणे, हे या केंद्राचे कार्य होते.

सारांश, पारितोषिकांच्या यादीबरोबरच शोधनिबंध, प्रयोगपद्धती आणि जतन केलेले वाण हीदेखील इतिहासाची साधने मानल्यास एस्थर लेडरबर्ग यांचे स्थान स्वतंत्रपणे सिद्ध होते.