वस्तीतला वकील : कॅलिफोर्नियातील एका विरोधाची हकीकत

यंदाच्या वार्षिक सभेपुढे येणारी एक सूचना ज्ञातिबंधुभगिनींच्या कानी आलीच असेल. आपल्या मंडळातर्फे दोन वस्त्यांत दर आठवड्यास संध्याकाळी मोफत कायदासल्ल्याची बैठक भरते. ती बंद करून मध्यवर्ती कार्यालयात एकच केंद्र ठेवावे, आणि काम निघेल तसतशी बाहेरच्या वकिलांस फी द्यावी, अशी ती सूचना आहे. खर्चाच्या दृष्टीने पाहता ती अविचाराची नव्हे. परंतु अशाच एका फेररचनेस गरीब लोकांनी कसून विरोध केल्याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. ते दूरचे खरे. तथापि त्यातील माणसे शेतमजूर होती आणि त्यांची गाऱ्हाणी आम्हांस मुळीच परकी वाटली नाहीत.

इ. स. १९६५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने दारिद्र्यनिवारणाच्या योजनेतून गरिबांच्या वस्त्यांत कायदेकचेऱ्या चालविण्यास पैसा देण्यास आरंभ केला. त्या पैशावर १९६६ मध्ये कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स ही संस्था निघाली. तिच्या कचेऱ्या मॅकफार्लंड, सॅलिनास, मडेरा, गिलरॉय अशा शेतीच्या गावांत होत्या. पक्षकार बहुतेक मेक्सिकन वंशाचे, स्पॅनिश बोलणारे मजूर. अशा गावांतील जुन्या वकिलांचे फी देणारे पक्षकार म्हणजे बडे बागाईतदार. त्यांच्याविरुद्ध मजुराचे वकीलपत्र कोण घेणार? हे नवे वकील पगारी होते आणि त्यांचे दार मजुराच्या घरापासून चार पावलांवर होते. पुढच्या साऱ्या हकीकतीचे मर्म आमच्या मते येथेच आहे.

एकाच खुर्चीवर बसून वर्षभर गाऱ्हाणी ऐकणाऱ्यास, दहा माणसांचे दुखणे वस्तुतः एकच आहे हे कळते. सॅलिनासच्या खोऱ्यात लेट्यूसच्या व साखरबीटाच्या विरळणीसाठी मजुरांच्या हाती हातभर दांड्याची कुदळी दिली जाई. तिला ते ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘आखुडी’, म्हणत. दिवसभर कमरेत वाकल्यावाचून ती चालत नसे. मुकादमास मात्र ती सोयीची, कारण जो कंबर सरळ करील तो काम थांबवून उभा आहे हे लांबूनच दिसे. माणसे तरुणपणीच पाठीने अधू होत. संस्थेचे वकील मॉरिस जुर्डेन यांनी मजुरांच्या आग्रहावरून ती कुदळी स्वतः हाती धरून पाहिली व मग दावा चालविला. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि आखुडी गेली. पाठदुखीचा एकेक रोगी निरनिराळ्या वकिलांकडे गेला असता, तर हे घडते असे आम्हांस वाटत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या व्यवसायातले, म्हणून अंमळ अधिक लिहितो. सोलेदाद गावच्या शाळेत नऊ मेक्सिकन मुले मंदबुद्धीच्या वर्गात घातली होती; कारण त्यांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेतली होती, आणि घरची भाषा स्पॅनिश! चाचणी स्पॅनिशमध्ये पुन्हा घेतली तेव्हा त्यांतील बहुतेक मुले मंदबुद्धीच्या मर्यादारेषेच्या वर निघाली. ‘डायना’ या नावाने ओळखला जाणारा हा दावा १९७० मध्ये तडजोडीने मिटला, आणि मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घेतली पाहिजे असे राज्याने मान्य केले. आम्ही आयुष्य वर्गात घालविले. बोलीत उत्तर देणाऱ्या पोरास मठ्ठ समजून मागच्या बाकावर बसविल्याचे पाप आमच्याही माथी आहे. त्या पोरांच्या आयांना दार ठोठावायला कचेरी मात्र नव्हती.

या यशानेच शत्रू निर्माण झाले. १९६७ मध्ये गरिबांच्या औषधोपचारात राज्याने केलेली काटछाट संस्थेने न्यायालयात अडविली होती. गव्हर्नर रोनाल्ड रेगन (जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) यांनी १९७० च्या डिसेंबरात संस्थेचे सुमारे १८ लाख डॉलरचे अनुदान नाकारले. त्यांचे अधिकारी ल्यूइस युलर यांनी शंभराहून अधिक आरोपांचा जाडजूड अहवाल सादर केला.  रेगन यांच्या मनात पर्याय होता तो खाजगी वकिलांस कामागणिक फी देण्याचा. गरिबास आपला वकील निवडता येईल, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद. कागदावर तो बिनतोड आहे. पण मॅकफार्लंडसारख्या गावी निवडायला वकील होते तरी किती?

केंद्राचे अधिकारी फ्रँक कार्लुची यांनी सहा महिन्यांपुरता पैसा देऊन परराज्यांतील तीन न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली. १९७१ मध्ये तिच्यापुढे मजूर आले, आणि वकील व न्यायाधीशही आले. आरोप करणाऱ्या राज्य सरकारने मात्र या सुनावणीत पुरावा देण्याचे नाकारले! जूनमध्ये समितीने आरोप निराधार व बेजबाबदार ठरविले. संस्थेचे अनुदान चालू राहिले. रेगन यांस त्यांच्या निराळ्या योजनेच्या प्रयोगासाठी २५ लाख डॉलर देऊ केले गेले. म्हणजे विजय झाला, पण दुसऱ्या पक्षाची मूठही रिकामी राहिली नाही.

गव्हर्नरांच्या लहरीपासून या कचेऱ्या अलग ठेवाव्यात म्हणून १९७४ मध्ये केंद्राने स्वतंत्र महामंडळ स्थापिले. तरी १९८२ साली त्याचे अनुदान ३२ कोटी १० लाखांवरून २४ कोटी १० लाख डॉलरवर आले, आणि १९९६ मध्ये अशा पैशावर चालणाऱ्या संस्थांस सामुदायिक दावे चालविण्यास बंदी झाली. कचेऱ्या राहिल्या, एकाच दाव्यात अनेकांचे दुखणे मांडण्याची वाट त्यांना बंद झाली. ही कॅलिफोर्नियाची संस्था आजही काम करते.

आपल्याकडे राज्यघटनेत मोफत कायदेसाहाय्याचे कलम ३९-अ १९७६ च्या दुरुस्तीने आले, आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तेव्हा आपल्या मंडळाच्या बैठकीवाचून कोणी निराधार होईल असे आम्ही म्हणत नाही. पण तालुक्याच्या कचेरीत जाण्याआधी, आपल्याजवळचा कागद कशाचा आहे हे कोणी समजावून सांगावे लागते. आणि ज्या घरी कमावत्याची मजुरी बुडवून जावे लागते, तेथे ते जाणे पुढच्या महिन्यावर पडते.

दोन्ही वस्त्यांतील बैठकींची नोंदवही चिटणिसांकडे आहे. कोण आले, कोणत्या कामासाठी आले, किती वेळा आले हे तीत लिहिलेले आहे. मतदानापूर्वी सभासदांनी ती चाळावी, व सूचना मांडणारांनी निदान एक संध्याकाळ बैठकीत येऊन बसावे, इतकी विनंती.