डब्यावरची बारीक ओळ

आजचा विषय माझ्या घरातूनच आलाय. माझा भाचा इंदूरला असतो, वय वीस. गेल्या वर्षी त्यानं जिम लावली आणि प्रोटीन पावडर सुरू केली. तिसऱ्या दिवशी अंगावर पित्त उठलं. बहिणीचा फोन आला, तर मी ऐटीत म्हणालो, "उष्णता झाली असेल, आमसुलाचं पाणी दे." दोन दिवसांनी त्यानं पुन्हा पावडर घेतली. ओठ सुजले, श्वास लागला, रात्री दवाखाना गाठावा लागला.

पोरगा वाचला. चाचणीत सोयाची अॅलर्जी निघाली. लहानपणी तो ताटातल्या सोयाबीनच्या वड्या बाजूला काढायचा, घसा खाजतो म्हणायचा. आम्ही त्याला नखरे म्हणायचो. डब्याच्या पुढच्या बाजूला दुधाचं चित्र होतं. सोया मागे, बारीक अक्षरात.

या बारीक अक्षरांनाही इतिहास आहे. चला, 1976 सालच्या अमेरिकेत जाऊ.

त्या वर्षी डॉ. रॉबर्ट लिन यांचं 'द लास्ट चान्स डाएट' हे पुस्तक आलं. उपाय सोपा वाटत होता: जेवण बंद, त्याऐवजी द्रवरूप प्रथिन प्यायचं. दिवसाला जेमतेम तीनशे-चारशे कॅलरी. वजन भराभर उतरायचं. लाखो लोक मागे लागले, बाजारात अशा बाटल्यांची रांग लागली. आत काय होतं? बहुतेक बाटल्यांत जनावरांची कातडी आणि स्नायुबंध यांपासून काढलेलं कोलॅजन. कागदावर ते प्रथिनच. पण शरीराला लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात नसतात, ट्रिप्टोफॅन तर मुळीच नाही.

1977 मध्ये मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. मरणारे म्हातारे नव्हते. बहुतेक स्त्रिया होत्या, महिनोन्‌महिने हेच पीत होत्या, आणि बारीक झाल्या म्हणून खूश होत्या. पुढे आकडा साठच्या आसपास गेला. 1979 मध्ये अशा 17 मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण हृदयात सापडलं: ठोक्यांची लय बिघडायची आणि औषधांनाही दाद देत नसे. उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू खात होतं, आणि हृदय हाही स्नायूच.

मग सरकार जागं झालं. वाद झाले, एक नियम न्यायालयात टिकला नाही. अखेर 1984 मध्ये इशारा बंधनकारक झाला: दिवसाला 400 पेक्षा कमी कॅलरीच्या प्रथिन-आहारानं गंभीर आजार किंवा मृत्यू होऊ शकतो. एवढी एक ओळ छापायला सात वर्षं लागली.

आता आपल्याकडे या. आजची पावडर बहुधा व्हेची असते, म्हणजे चीज करताना दुधातून वेगळं होणारं पाणी सुकवून केलेली. चक्का टांगल्यावर खाली गळतं, त्याचीच ही बहीण. ज्याला दुधाची अॅलर्जी, त्याला व्हेचीही असू शकते. नुसतं पोट फुगत असेल, जुलाब होत असतील, तर दुधातली साखर पचत नसेल. ती वेगळी गोष्ट. पण पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं ही अॅलर्जीची खूण. तिथे आमसूल चालत नाही, पुन्हा चाखून पाहणं तर नाहीच. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दूध, सोया, अंडं यांसारखे अॅलर्जीकारक घटक लेबलवर लिहिणं आपल्या कायद्यानंही बंधनकारक आहे. तरी सावध राहा. 2024 मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे 70 टक्के डब्यांवर प्रथिनाची माहिती चुकीची निघाली.

मी प्रथिनाविरुद्ध नाही, मंडळी. माझा भाचा आजही व्यायाम करतो, डाळ-दूध खातो. फरक एवढाच की नवं काही घेतलं की तो डबा आधी उलटा करतो. इतिहास सांगणाऱ्या त्याच्या मामानं हे पहिल्याच फोनवर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतोय. भेटू पुढच्या भागात.