अपूर्व सत्त्व

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री दिसू लागली. शेपटीपासून कानापर्यंत निळी. खाण्याच्या शोधात ही भटकी कुत्री कासाडी नदीच्या पात्रात उतरत, आणि कारखान्यातून पाण्यात आलेला रंग त्यांच्या केसांवर बसे. नवी मुंबईच्या कुशीतल्या या कुत्र्यांची छायाचित्रे जगभर गेली. प्राणिप्रेमींनी तक्रार केली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करायला लावला. धुतल्यावर आणि पावसात भिजल्यावर रंग उतरला, आणि खाली आपली ओळखीची गावठी कुत्री निघाली.

ही बातमी वाचताना ज्याला पंचतंत्र आठवले नाही असा मराठी वाचक विरळा. ‘मित्रभेद’ या पहिल्याच तंत्रात चंडरव नावाचा कोल्हा गावात शिरतो, कुत्री मागे लागतात म्हणून रंगाऱ्याच्या घरात पळतो आणि निळीच्या पिंपात पडतो. तो रानात परततो तेव्हा सिंह-वाघसुद्धा त्याला पाहून पळ काढतात. पळणाऱ्या प्राण्यांच्या मनात मूळ संस्कृतात जो विचार येतो, त्यासाठी तिथे दोन शब्द योजले आहेत : ‘अपूर्व सत्त्व’. ज्याचे कूळ, बळ, वागणे काहीच ठाऊक नाही असा प्राणी. हिमालयातल्या यतीपासून स्कॉटलंडच्या लॉख नेसमधल्या जलचरापर्यंत ज्या ज्या प्राण्याला कुणीतरी ‘पाहिले’ आणि कुणाला ओळखता आले नाही, त्या सर्वांना शोभेल असे हे नाव आहे.

या दोन्ही शब्दांनी मराठीत येताना आपले अर्थ बदलले. ‘अपूर्व’ म्हणजे पूर्वी न पाहिलेले. त्यात मुळात कौतुक नाही आणि भयही नाही; अनुभवाचा अभाव तेवढा आहे. पण न पाहिलेल्याचे नवल वाटते आणि नवलाचे कौतुक होते. म्हणून मराठीत अपूर्व उत्साह असतो, अपूर्व सोहळा असतो, नव्या वस्तूची अपूर्वाई असते, आणि आईबाप हौसेने मुलाचे नाव अपूर्व ठेवतात. ‘सत्त्व’ हे तर ‘असणे’ या अर्थाच्या ‘सत्’पासून आलेले. जे आहे ते सत्त्व, म्हणून जिवंत प्राणीही सत्त्व. मराठीने त्यातला प्राणी सोडून दिला आणि सार, कस, तेज एवढे ठेवले. आज आपण गुळवेलीचे सत्त्व म्हणतो, सत्त्वपरीक्षा म्हणतो. रानातून धावत गेलेल्या जनावराला सत्त्व म्हणणारा मात्र कुणी उरला नाही.

ज्या रंगाने चंडरव अपूर्व झाला त्या रंगाच्या शब्दाचा प्रवास थेट कारखान्यापर्यंत येतो. संस्कृतात ‘नीली’ म्हणजे निळीचे झाड. फारसी-अरबीत त्याचे ‘नील’ झाले, अरबी उपपद लागून ‘अन्-नील’, तेच पोर्तुगीजांच्या तोंडी ‘अनिल’. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी निळीपासून एक द्रव मिळवला आणि त्याला नाव दिले ‘अ‍ॅनिलीन’. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने अ‍ॅनिलीनपासून जांभळा कृत्रिम रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग उभा राहिला. पंचतंत्रातल्या रंगाऱ्याचे पिंप आणि आजची रंग-रसायनांची वसाहत यांच्यामध्ये दीड-दोन हजार वर्षे आहेत, पण शब्द एकाच झाडाचा आहे.

न ओळखलेल्या प्राण्यासाठी आपल्याकडे आणखीही शब्द आहेत. ‘श्वापद’ फोडला तर श्वन् म्हणजे कुत्रा आणि पद म्हणजे पाय : कुत्र्यासारख्या पंजाचा. हा शब्द मातीतला ठसा पाहणाऱ्या माणसाने घडवला असावा असे मला वाटते. प्राणी दिसला नाही, पण खुराचा नव्हे, पंजाचा आहे एवढे कळले आणि सावध व्हायला तेवढे पुरे होते. प्राकृतातून उतरताना याच श्वापदाचे ‘सावज’ झाले. मराठीत शिकाऱ्याच्या तावडीतले ते सावज. गुजरातीत मात्र सावज म्हणजे साक्षात गीरचा सिंह. एकाच शब्दाच्या एका लेकराच्या वाट्याला मरण आले, दुसऱ्याच्या वाट्याला राज्य. आणि ‘जनावर’ फारसी : ‘जान’ असलेले, एवढेच. कोकणात रात्री सापाचे नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. तिथे प्राणी ठाऊक नसतो असे नाही. नाव घेतले तर तो येईल, म्हणून ठाऊक असलेले नाव मुद्दाम झाकलेले असते. तेव्हा अनोळखी प्राणी दोन तऱ्हांनी जन्मतो : नाव माहीत नसते म्हणून, किंवा नाव घ्यायचे नसते म्हणून.

आता चंडरवाकडे पुन्हा वळायला हवे, कारण त्याची गोष्ट रंगावर संपत नाही. निळा कोल्हा ‘ककुद्द्रुम’ असे भारदस्त नाव धारण करतो, आपल्याला देवानेच राजा केले असे सांगतो, सिंह-वाघांना सेवेला ठेवतो आणि आपल्याच जातीच्या कोल्ह्यांना हाकलून देतो. मग एके दिवशी दूरवर कोल्ह्यांचा कळप ओरडतो. त्याच्या अंगावर काटा येतो, डोळे भरून येतात, आणि तोही मान वर करून ओरडतो. तेवढ्यावरून ओळख पटते आणि त्याचा अंत होतो.

त्याला आवाजाने उघडे पाडले यात मोठे औचित्य आहे, कारण ‘कोल्हा’ या शब्दाचा अर्थच ओरडणारा. ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे. त्यावरून ‘क्रोष्टृ’ हे कोल्ह्याचे नाव ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आले आहे. प्राकृतात त्याचे ‘कोल्हुअ’ झाले आणि मराठीत कोल्हा. ‘आक्रोश’ त्याच धातूचा. आणि ‘कोस’ही : क्रोश म्हणजे हाक, जिथवर हाक ऐकू जाते तेवढे अंतर. कोल्हा, कोस आणि आक्रोश ही एकाच घरातली भावंडे आहेत. खुद्द चंडरव या नावातही ‘रव’ आहे. त्याला दोन नावे होती आणि दोन्ही त्याच्या आवाजाची होती. तिसरे त्याने उसने घेतले आणि ते टिकले नाही. कोल्ह्याच्या दुसऱ्या संस्कृत नावाने, ‘शृगाला’ने, मात्र दूरचा प्रवास केला : फारसीत शगाल, तुर्कीत चकाल, फ्रेंचमधून इंग्रजीत जॅकल. इंग्रजी शाळेतले मूल ‘जॅकल’ शिकते तेव्हा ते परत आलेले संस्कृतच शिकत असते.

हा ओरडणारा आजही नवी मुंबईत आहे. ठाण्याच्या खाडीकाठचे कांदळवन, खारघर आणि वाशीच्या कडेची पाणथळ जमीन इथे सोनेरी कोल्हा राहतो. खेकडे, मासे, उंदीर आणि माणसाने टाकलेले अन्न खातो. या खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, पण कांदळवनाबाहेर कोल्ह्यासाठी मोकळी जागा आक्रसत चालली आहे. मग तो रात्री सेक्टरच्या रस्त्यावर येतो, गाडीच्या दिव्यात क्षणभर उभा राहतो, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा लांडगा होतो, तरस होतो, कधी ‘विचित्र प्राणी’ होतो. ‘कोल्हेकुई’ हा शब्द आपण राजकारणाच्या बातम्यांत रोज वाचतो; खाडीकडून खरी कोल्हेकुई आली की मात्र लहान मूल रडते आहे असे वाटून दचकतो. शब्द वापरात राहिला, त्यातला प्राणी निघून गेला.

जुन्या माणसांचा कान याहून बारीक होता. कळपातून बाहेर पडलेला एखादा कोल्हा वाघाच्या मागे, अंतर राखून, उरल्यासुरल्या शिकारीच्या आशेने चालतो आणि नेहमीच्या कुईहून वेगळी, चिरकी किंकाळी फोडतो, असे शिकाऱ्यांनी नोंदवले आहे. अशा ओरडणाऱ्या कोल्हीला मराठीत ‘भालू’ म्हणतात. हिंदीत भालू म्हणजे अस्वल. आपल्याकडे मात्र वाघाची चाहूल देणारी कोल्ही. हा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याला तो आवाज कळतो. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी त्याच आवाजातून एक न पाहिलेले सत्त्व तयार होते.

पण नाव असले की ओळख पटलीच, असेही मानता येत नाही. ‘मसण्या ऊद’ पाहा. मसण म्हणजे स्मशान. हा प्राणी पुरलेली प्रेते उकरून खातो अशी समजूत नावातच शिवलेली आहे. अनेक गावांत हे नाव उदमांजराला देतात, आणि ते बिचारे फळे, किडे, उंदीर खाऊन जगते, घराच्या माळ्यावरही राहते. ‘ऊद’ तर मुळात पाण्यातला. संस्कृत ‘उद्र’ म्हणजे पाणमांजर, ‘उदक’ त्याच धातूचे. ग्रीक पुराणातली अनेक तोंडांची ‘हायड्रा’ आणि इंग्रजीतले ‘ऑटर’ याच उद्राचे सगे. एका शब्दाच्या कुळात एक खरा मासेखाऊ प्राणी, एक दंतकथेतली राक्षसीण आणि आपल्याकडचा स्मशानातला ऊद असे तिघे बसले आहेत. कोल्ह्याच्या नावात निरीक्षण आहे, मसण्या उदाच्या नावात अफवा आहे. शब्द दोन्ही जपून ठेवतो, आणि निवड करायचे काम आपल्यावर सोडतो.

म्हणून शब्दाचे मूळ शोधणे हे मला प्राणिरक्षणाचेच काम वाटते. ‘विचित्र प्राणी’ म्हटले की लोक काठ्या घेऊन निघतात. ‘कोल्हा’ म्हटले की दिवा मंद करून त्याला वाट देता येते. कोल्हा, खोकड, लांडगा, तरस, उदमांजर, मुंगूस ही नावे घरात मुलांना एकेका प्राण्यासह शिकवली पाहिजेत : कोण कसा ओरडतो, कुणाची शेपूट झुपकेदार, कुणाचा ठसा कसा. नवी मुंबईच्या मूळ गावांत, आगरी-कोळी घरांत, ज्यांनी खाडीकाठी अर्धे आयुष्य काढले ती माणसे अजून आहेत; त्यांच्या तोंडची नावे लिहून घ्यायला हवीत. शहर वाढेल तसे प्राणी अधिक वेळा आपल्या समोर येतील. त्यांना अपूर्व ठरवायचे की ओळखीचे, हे आपल्याजवळ किती शब्द शिल्लक आहेत यावर ठरेल.