माटोळीचा इतिहास कोठे शोधावा?

जे टिकते त्याचा इतिहास लिहिला जातो. मूर्ती, ताम्रपट, शिलालेख मागे राहतात. गोमंतकातील माटोळी मात्र चतुर्थीच्या आदल्या दिवशी बांधली जाते आणि गणपती पोचविल्यावर उतरविली जाते. तिचा नमुना कोणत्याही संग्रहालयात ठेवता येण्याजोगा नाही. म्हणूनच की काय, आमच्या कलेतिहासात तिला फारशी जागा मिळालेली नाही.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट. तिला नारळांची पेंड, सुपारीचे शिपटे, केळीचा घड, तोरांजन, आंबाडे, चिबूड बांधतात, आणि त्यांच्याच शेजारी रानातील कांगले, घागऱ्या, शेरवडाची पांढरी पाने आणि लालभडक कवंडळे. कवंडळ कडू, ते कोणी खात नाही. तरीही त्यावाचून माटोळी पुरी झाली असे जुनी माणसे मानीत नाहीत. नैवेद्याला जे चालत नाही ते येथे चालते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पार्वतीने अंगाच्या मळापासून घडविलेल्या पुत्रावर धरलेले हे छत्र आहे. त्यात बागाईत आणि रान असा भेद कसा असावा? बांधावयाचा दोरही पूर्वी केवणीच्या सालीचाच असे. त्याच केवणीची पीळदार मुरुडशेंग औषधाच्या बटव्यात असते आणि माटोळीतही.

या प्रथेचा उगम धर्मच्छळाच्या काळात झाला, मातीची मूर्ती पुजणे अवघड झाले म्हणून लोक वनस्पतींकडे वळले, असे कधी कधी सांगितले जाते. तो काळ कठीण होता यात शंका नाही. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले, ते कायमचे बंद झाले 1812 मध्ये. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, पोर्तुगीजांच्या हाती आला तो थेट 1763 मध्ये. 1736 च्या फर्मानाने तर ख्रिस्ती झालेल्यांच्या अंगणातील तुळसही निषिद्ध ठरविली. काही घराण्यांत आजही कागदावरचा गणपती पूजिला जातो, त्याचा संबंध या आठवणीशी जोडला जातो, आणि तो समजण्यासारखा आहे.

परंतु माटोळीबाबत हा तर्क मला पटत नाही. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात, जेथे त्या न्यायासनाचा हात पोचत नव्हता, तेथेही गणपतीवर ‘माटवी’ बांधतात. वस्तूही बहुतेक याच. छळातून जन्मलेली प्रथा छळ नसलेल्या प्रदेशात इतक्या सहजपणे कशी रुजेल? ती अगोदरचीच, दोन्हीकडची असावी. संकटाने तिला जन्म दिला नसेल. तिच्यावर प्रेम करावयाला मात्र शिकविले असेल.

अलीकडच्या काळात कला व संस्कृती संचालनालयाच्या स्पर्धेने माटोळीला नवे रूप दिले. फळे, बिया, मुळे यांतून देवदेवतांच्या आकृती आणि पुराणातील प्रसंग उभे राहू लागले. काही स्पर्धक शेकडो वस्तू मिळवितात. जुन्या लोकांना हे प्रदर्शन वाटते. मी त्यांच्याशी अर्धाच सहमत आहे. सुपारीच्या शिपट्यातून शंकराच्या जटा पाहणारा डोळा हा पुराण ऐकून ऐकूनच तयार झालेला असतो. खरी अडचण निराळीच आहे. एका आकृतीसाठी रानातून पोतेभर फळे उतरवावी लागतात, आणि रान तर खाणींनी व घरांनी अगोदरच आखडले आहे. ज्याला रानात जाता येत नाही तो बाजारातून जुडी विकत आणतो. जुडीतील जिन्नसांची नावे विकणाऱ्यासही सगळी ठाऊक नसतात.

गेल्या चतुर्थीनंतर आठवीच्या वर्गात मी उतरविलेल्या माटोळीतील बारा वस्तू टेबलावर मांडल्या आणि नावे लिहावयास सांगितली. नारळ, सुपारी, केळी सर्वांनी लिहिली. कवंडळ चौघांनी. वाळलेली घागरी एका मुलीनेच ओळखली, तीही पाहून नव्हे. तिने ती कानाशी धरून हलविली.