सोफ्यावर केसांचा थर साचतोय? पेण-रोह्यात कुत्र्या-मांजरांची केसगळती कधी वाढते आणि तेव्हा काय करायचं?

सकाळी घर झाडलं तरी दुपारी कोपऱ्यात पुन्हा केसांचे पुंजके. कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्या घरात हे नवीन नाही. पण ही केसगळती नैसर्गिक कधी असते आणि आजाराचं लक्षण कधी, हे कसं ओळखायचं?

केस गळतात तरी का?

प्रत्येक केस काही काळ वाढतो, थांबतो आणि गळून पडतो. या चक्राचा वेग मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरतो. तापमान, आहार आणि हार्मोन्सचाही त्यावर परिणाम होतो. थंड देशांत त्यामुळे वसंत आणि शरद ऋतूत केस भराभर गळतात. लंडनमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जवळपास ९ तासांचा फरक असतो. पेण-रोह्यात मात्र तो सव्वादोन तासांच्या आसपासच आहे. म्हणून इथे थोडे केस वर्षभर गळत राहतात आणि ऋतू बदलताना प्रमाण वाढतं. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे आणि पंखे चालू असतील, तर ऋतूंचा फरक आणखी पुसट होतो.

कोणाचे केस जास्त गळतात?

लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला मऊ आणि दाट. आतला थर पुंजक्यांनी गळतो. आपल्या गावठी कुत्र्यांचे केस आखूड असल्याने त्यांची निगा सोपी असते. शिह त्झूचे केस गळतात कमी, पण वाढत राहतात, म्हणून ते कापावे लागतात. मांजरांमध्ये पर्शियनला रोज विंचरणं गरजेचं असतं.

विंचरायचं कसं?

• आखूड केसांसाठी रबरी ब्रश, आठवड्यातून १-२ वेळा.
• दुहेरी थरासाठी स्लिकर ब्रश, आठवड्यातून २-३ वेळा. गळती वाढली की रोज.
• लांब केसांसाठी स्टीलची फणी. आधी टोकाकडचा गुंता सोडवा, मग मुळाकडे जा.
• आधी विंचरा, मग अंघोळ घाला. गुंता ओला झाला की आणखी घट्ट बसतो.
• मांजराला एका वेळी ५ मिनिटं पुरेत. ते शेपटी आपटू लागलं की थांबा.

मांजर अंग चाटतं तेव्हा गळलेले केस पोटात जातात आणि त्यांचे गोळे उलटीतून पडतात. नियमित विंचरलं तर हे कमी होतं.

उन्हाळ्यात टक्कल करावं का?

दुहेरी थराच्या कुत्र्याचं अजिबात नको. हे केस त्याला उन्हापासूनही वाचवतात. वस्तरा फिरवला तर कातडी भाजू शकते आणि केस नीट परत येतीलच असं नाही. त्यापेक्षा आतला सुटलेला थर विंचरून काढा आणि सावली, पंखा, ताजं पाणी द्या.

पावसाळ्यात काय बदलतं?

कोकणात जून ते सप्टेंबर या काळात सरासरी ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओला कुत्रा पडवीत तसाच झोपला, तर आतला थर दिवसभर दमट राहतो. त्यातून खाज, दुर्गंधी आणि ओल्या जखमा सुरू होतात. फिरवून आणल्यावर कान, काख आणि बोटांमधल्या फटी कोरड्या पुसा. अंघोळ ३-४ आठवड्यांतून एकदा पुरते. माणसांचा शॅम्पू वापरू नका, कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते.

विंचरताना गोचीड दिसली, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका. गोचिडीतून होणाऱ्या तापात कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. अशा वेळी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

सर्वांत धोकादायक चूक कोणती?

कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावणं. यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही, त्यामुळे कापरं भरतं, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दूर ठेवा. गोठ्यातलं गुरांचं औषध अंदाजाने पातळ करून दोघांपैकी कुणालाही लावू नका. फिनाईलने पुसलेली लादीही वाळल्याशिवाय मांजराला त्यावर जाऊ देऊ नका, कारण ते पंजे चाटतं. चुकून औषध लागलंच, तर पाकीट सोबत घेऊन तातडीने डॉक्टर गाठा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

ऋतूतली गळती अंगभर सारखी असते आणि खालची कातडी स्वच्छ दिसते. चट्टे, गोल डाग, खपल्या, लाली किंवा सतत खाज असेल, तर गजकर्ण, खरूज किंवा हार्मोनचा बिघाड असू शकतो. गजकर्ण आणि काही प्रकारची खरूज घरातल्या माणसांनाही होते, म्हणून मुलांना दूर ठेवा.

ताटही तपासा. केस प्रथिनांचे बनतात. फक्त दूध-चपाती किंवा दूध-भातावर वाढलेल्या कुत्र्याचे केस निस्तेज होऊन गळू शकतात. मांजराला तर मांस-मासळीतली प्रथिनं लागतातच.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवता येतं. गुंतागुंतीच्या आजारासाठी मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना चट्ट्याचे तारखेनुसार काढलेले फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आजार वाढतोय की बरा होतोय, हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतं.